अकरा सेकंदं: ‘सेटल’ नावाच्या गाण्याचं प्रकरण

हे प्रकरण मी लिहितोय, कारण यातली पहिली चूक माझी आहे. माझ्याच माउसने झालेली. इंदूरला सुदामानगरात घराच्या दुसऱ्या मजल्यावर माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भिंतींवर फोम कमी आणि आईच्या हातच्या गोधड्या जास्त. भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, दुकानांच्या जाहिराती असं काम येतं. सकाळी कचरागाडी आपलं गाणं वाजवत गल्लीतून निघून जात नाही तोवर माइक उघडायचा नाही, हा इथला पहिला नियम. दुसरा नियम या प्रकरणानंतर झाला, तो पुढे येईल.

नावं बदलली आहेत, काही खुणा पुसल्या आहेत. ज्यांच्या आवाजाबद्दल हे सगळं आहे त्या वहिनींनी मजकूर आधी वाचला. दोन वाक्यं त्यांनी खोडली. ती इथे नाहीत.

पार्श्वभूमी

ईशा तेव्हा २५ वर्षांची. इंजिनीअरिंग इंदुरातच, मग सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत तीन वर्षं नोकरी. मे २०२४ मध्ये तिने ती सोडली. गाणी लिहायची, गायची, वर्षभर बघायचं, असं ठरवून सोडली. आधी सहा महिने पैसे साठवले होते. म्हणजे झोकात राजीनामा फेकलाय, असं काही नव्हतं. घरात भांडणही झालं नाही. झालं ते विचारणं. सकाळी चहाला, दुपारी भाजी निवडताना, आत्याचा फोन आला की. ‘मग आता पुढे?’

मंदार तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, देवासचा. कॉलेजात दोघांनी एकत्र गाणं केलं होतं. तो भंवरकुआँला खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करत होता. मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांना हे जरा सांगायला हवं. ओबीसी आरक्षण १४ टक्के की २७, या कोर्टातल्या वादात इथल्या परीक्षांचे निकाल वर्षानुवर्षं लटकले. पुढे ८७ टक्के जागांचे निकाल वेगळे आणि १३ टक्क्यांचे राखून, असा तोडगा निघाला. २०१९ च्या परीक्षेची अंतिम यादी लागली डिसेंबर २०२३ मध्ये. मंदार त्या परीक्षेत मुलाखतीपर्यंत गेला होता. यादीत नाव नव्हतं. फॉर्म भरला तेव्हा तो तेवीसचा होता, ‘नाही झालं’ हे कळलं सत्ताविसाव्या वर्षी. तोवर पुढचे फॉर्म भरलेलेच होते.

आणि वहिनी, म्हणजे ईशाच्या आई. माझ्या बायकोच्या भिशीतल्या. आमचं येणं-जाणं वीसेक वर्षांचं. त्या मला भावजी म्हणतात, ईशा काका म्हणते. हे नातं या प्रकरणात आडवं आलं आणि उपयोगीही पडलं.

गाणं कसं झालं

‘सेटल’ हे नाव आधी ठरलं, गाणं मागून आलं. जूनमध्ये ईशा पहिलं कडवं घेऊन आली:

दहावी झाली की सुटलीस, म्हणाले,
बारावी झाली की सुटलीस, म्हणाले,
डिग्री, नोकरी, हप्ता, हळद,
सुटले किती वेळा, मोकळी एकदाही नाही.

मंदारने चाल लावली आणि आपलं कडवं जोडलं. त्यात इंदुरी ठसका होता:

तिसरी प्रीलिम्स, चौथा फॉर्म,
डब्यात तीच तुरीची डाळ,
घरमालक विचारतो, ‘भिया, इस साल?’
मी पण म्हणतो, ‘इस साल.’

हे ‘इस साल’ तो असं काही म्हणायचा की त्यात पुढची दोन वर्षं ऐकू यायची. मला गाणं आवडलं. तरुणांच्या बंडाची गाणी माझ्याकडे वर्षाला चार-पाच येतात आणि बहुतेकांत पंख, आकाश आणि पिंजरा असतो. यात हप्ता आणि तुरीची डाळ होती.

अडचण मुखड्याची होती. दोन कडव्यांमध्ये काही बसेना. ऑगस्टमधल्या एका दुपारी ईशा म्हणाली, ‘काका, हे ऐका,’ आणि फोन माझ्या कानाला लावला. घरच्या ग्रुपवर आलेली वहिनींची व्हॉइस नोट. अकरा सेकंदांची.

‘ईशू, ऐक ना, त्या मागच्या गल्लीतल्या काकूंच्या मुलीचं ठरलं. फ्लॅटचं पझेशनपण मिळालंय त्यांना.’ इथे कुकरची शिट्टी. मग जरा थांबून, ‘बरं, ते जाऊ दे. तू कधी सेटल होणार गं?’

आम्ही तिघंही हसलो. मी फाइल मागून घेतली. फोनवरच्या अशा नोटा दाबून-दाबून लहान केलेल्या असतात, वरची सगळी झिलई कापलेली असते, आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. पण गाण्यात तोच पोत चालून जातो. शिट्टी आमच्या पंचमाच्या किंचित खाली होती. ती ओढून पंचमावर बसवली, तर मुखड्याआधीचा चढ आयता तयार झाला. कुकरची वाफ सुटते आणि ताल पडतो. मंदार खुर्चीतून उठलाच.

मग वाक्य. गाणं ९६ च्या लयीत होतं, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. ‘तू कधी सेटल होणार’ हे चार मात्रांत चपखल बसत होतं. ‘गं’ मात्र पाचवीवर सांडत होता. मी तो कापला. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा सूर चढवून कार्टूनसारखा, तिसऱ्यांदा तुकडे करून: ‘से-से-सेटल, से-से-सेटल’. एका दुपारचं काम. त्या दुपारी मी ईशाला मीटर दाखवले, मंदारला बेसचा आवाज कमी करायला सांगितला, तिघांसाठी कचोरी मागवली. ‘आईला विचारलंयस का?’ एवढं विचारलं नाही.

ढोलकीवाल्याकडून मात्र मी सही घेतली होती. अर्ध्या पानाचा कागद, वाजवल्याचे २,५०० रुपये मिळाले, रेकॉर्डिंग वापरायला हरकत नाही. ईशा-मंदारचा शब्द-चालीचा वाटाही कागदावर लिहून ठेवला, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क असाच सोडून देता येत नाही आणि मुलांना हे लवकर कळलेलं बरं, असं मला वाटतं. सगळे कागद फाइलला लागले. ज्या आवाजावर गाणं उभं होतं त्याचा कागद नव्हता.

अडचण कशी उभी राहिली

२०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला बसले. गाणं अनंत चतुर्दशीला, १७ तारखेला, सगळ्या ॲप्सवर आणायचं ठरलं. ९ तारखेला माझ्या कॉम्प्युटरवरून ईशाने ते वितरकाकडे, म्हणजे गाणी ॲप्सवर पोचवणाऱ्या ऑनलाइन सेवेकडे, चढवलं. तिथे एक चौकट येते: या रेकॉर्डिंगमधले सगळे आवाज आणि नमुने वापरायचा अधिकार आमच्याकडे आहे. तिने खूण केली. मी शेजारीच बसलो होतो.

शनिवारी, १४ तारखेला, आमच्या भागातल्या एका मंडळात तरुणांचा कार्यक्रम होता. ईशा-मंदार प्रत्यक्ष गाणार, बाकीचा ट्रॅक मागे वाजणार. हॉल भरलेला, पुढे मुलं सतरंजीवर, मागे खुर्च्या. वहिनी दुसऱ्या रांगेत. त्यांना माहीत होतं की लेक स्वतःचं गाणं गाणार आहे. दुपारी मोदकांना हात लावून, साडी बदलून आल्या होत्या.

शिट्टी वाजली तशी लोक हसली. ‘तू कधी सेटल होणार’ आलं आणि हॉल अक्षरशः फुटला. प्रत्येकाच्या घरातलं वाक्य. कुणीतरी ओरडलं, ‘अरे, ही तर आमची आई!’ दुसऱ्या मुखड्याला, त्या कार्टून आवाजाला, सतरंजीवरची पोरं लोळायला लागली. मी साउंडच्या टेबलाशी होतो. मला फक्त यश दिसत होतं. माझ्या बायकोला दिसलं की वहिनी उठल्या, कडेकडेने चालत दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या आणि गेल्या. आरती नाही, खिरापत नाही.

कार्यक्रमानंतर दोन बायका ईशाला म्हणाल्या, ‘आईची नक्कल काय झकास केलीस!’ त्यांना ती नक्कलच वाटली होती. ज्यांना रोजच्या फोनवरचा आवाज माहीत होता त्या पाच-सहा जणींना मात्र कळलं होतं. पुढे आठवडाभर गल्लीतली पोरं ‘से-से-सेटल’ करत सायकली पळवत होती. वहिनींच्या घरासमोरूनच रस्ता आहे.

समोर असलेले पर्याय

रविवारी सकाळी कचरागाडी गेल्यावर तिघं गोधड्यांच्या खोलीत बसलो. गाणं यायला दोन दिवस उरले होते. वहिनी घरात सगळं करत होत्या, चहा, डबा, पूजा, पण ईशाशी बोलत नव्हत्या.

मंदारचं म्हणणं होतं, जसं आहे तसं येऊ दे. ‘लागलं म्हणूनच हसले ना सगळे? आपण कुणाचं नाव घेतलेलं नाही. आणि आईला राग आला नाही तर बंडाचं गाणं कसलं?’ शेवटचं वाक्य त्याने गंमतीत म्हटलं. ते मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. बंड ज्याच्याशी करायचं त्याच्याच खिशातून दगड काढून घ्यायचा, याला काय म्हणावं ते मला माहीत नाही, पण बंड म्हणत नाहीत.

दुसरा विचार: वाक्य दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घ्यायचं. इंदुरात मराठी नाटकवाल्यांची वाण नाही. एका अनुभवी बाईंना बोलावलं, त्या बिचाऱ्या रविवारी दुपारी आल्या. सहा टेक घेतले. सगळे उत्तम आणि सगळे नाटकातल्या आईचे. शेवटच्या टेकला त्या स्वतःच म्हणाल्या, ‘हिच्या मागे कुकर नाहीये, भाऊ.’

तिसरा मंदारच्या मित्राने सुचवला: ईशाच्या फोनमधल्या नोटा देऊन आईचा आवाज एआयने बनवायचा, मग हवं ते बोलून घ्यायचं. त्याने रात्री तसा तुकडा पाठवलाही. हुबेहूब होता. ईशाने तो एकदा ऐकला आणि हेडफोन काढून ठेवला. मी म्हटलं, हे माझ्या स्टुडिओतून जाणार नाही. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआयने नक्कल करून देणाऱ्यांना अंतरिम मनाई केली होती. तो नामवंत गायकाचा मामला, हा घरातला. पण एकदा न विचारता उचललेल्या आवाजाच्या जागी त्याच आवाजाचा पुतळा ठेवायचा, यात दुरुस्ती कुठे झाली?

कायद्याचा विचारही केला. मी वकील नाही, पण धंद्यापायी प्रताधिकार कायद्याच्या, १९५७ च्या, काही व्याख्या पाठ झाल्यात. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची तो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या अकरा सेकंदांच्या निर्मात्या वहिनी. ओट्याशी उभं राहून अंगठ्याने बटण दाबून धरलं ते त्यांनी. नोट ईशाला आली म्हणून ती ईशाची होत नाही. पत्र आपल्याला आलं तरी छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा राहतो, तसंच काहीसं. हे सांगितल्यावर मंदार गप्प झाला. पण खरं सांगायचं तर कायदा हा त्या खोलीत सोपा भाग होता. वहिनी काही नोटीस पाठवणार नव्हत्या.

चौथा पर्याय उरला: जाऊन बोलायचं. यावर अर्धा तास गेला तो कुणी जायचं यावर. ईशा म्हणाली, मी गेले तर रडारड होईल. मंदार तर ‘तो मुलगा’ होता. राहता राहिलो मी.

काय केलं

रविवारी रात्रीच ईशाने वितरकाला लिहून गाणं थांबवलं. एकदा चढवलेल्या गाण्यातला आवाज नंतर बदलता येत नाही, ते मागे घेऊन नव्याने चढवावं लागतं. तारीख गेली. मंदार चिडला होता, पण आड आला नाही. हा निर्णय आधी झाला हे चांगलं झालं. मी वहिनींकडे गेलो तेव्हा ‘परवानगी द्या, उद्या गाणं यायचंय’ असं काही माझ्या पोतडीत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी आणि बायको गेलो. पोहे झाले. वहिनींनी जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, वेगळ्या वाटीत ठेवलं, मला लागतं म्हणून. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हातानेच थांबवलं.

‘भावजी, शब्दांचं काही नाही. ती लिहील तिला काय लिहायचं ते. तिच्या वयाला मीपण वहीत लिहायचे. पण मी विचारत होते हो. तुम्ही ते वाजवलंत.’

मी म्हटलं, चुकलं.

‘आणि माझा “गं” कुठे गेला?’

मला पटकन कळलं नाही.

‘मी म्हटलं होतं, “तू कधी सेटल होणार गं?” तुमच्या गाण्यात नुसतं “सेटल होणार”. असं मी बोलते का कधी तिच्याशी? असं तर वरपक्षाकडचे बोलतात.’

चाळीस हजारांचे स्पीकर लावून मी तो तुकडा शंभर वेळा ऐकला होता. मात्रेबाहेर सांडतो म्हणून काढून टाकलेलं ते एक अक्षर. दुसऱ्या रांगेत, दीडशे माणसांच्या हशात, त्यांना नेमकं तेच गेलेलं ऐकू आलं होतं.

मग त्या बोलल्या ते हळूहळू, भांडी आवरत. एवढं लिहायला त्यांनी हो म्हटलं आहे. त्यांचे वडील इथल्या एका कापडगिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते. कुठली गिरणी ते सांगत नाही. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक कशा बंद झाल्या हे इथल्या माणसाला सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिथल्या ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा, २२४ कोटींचा, चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षांनी. तोवर अनेकांच्या जागी वारसांनी सह्या केल्या. वहिनींच्या वडिलांच्या गिरणीची तऱ्हा थोडीफार तीच. ती बंद पडली तेव्हा वहिनी एकोणीसच्या, लग्न ठरलेलं. समोरच्यांनी निरोप धाडला, ‘वडिलांचं सेटल झालं की बघू.’

‘सेटल’ हा शब्द त्या घरात तिथून आला. गिरणीकडून यायच्या पैशाचं ते सेटलमेंट. वडील दर आठवड्याला युनियनच्या सभेला जायचे, आले की वहिनींची आई दारातच विचारायची, ‘सेटल झालं का हो?’ वर्षानुवर्षं. ते ठरलेलं लग्न मोडलं, दुसरीकडे झालं, चांगलं झालं. वडील गेले तेव्हाही सेटल झालेलं नव्हतं.

‘हिला वाटतं मी फ्लॅटबद्दल विचारते,’ वहिनी म्हणाल्या.

ईशाला आजोबा गिरणीत होते एवढं माहीत होतं, त्यांचा फोटो भिंतीवर आहे. बाकी काही नाही. आईने सांगितलं नव्हतं आणि हिने विचारलं नव्हतं. मायलेकी दोघी एकच शब्द वापरत होत्या, दोन वेगळ्या गोष्टींसाठी.

मी विचारलं, हे ईशाला सांगू? ‘मी सांगेन,’ म्हणाल्या. सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, अनंत चतुर्दशीच्या रात्री. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, त्या रात्री इंदुरात अजून निघतात, वहिनी दरवर्षी जेल रोडवर उभं राहून बघतात. त्या वर्षी ईशा बरोबर गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत असण्याचं कारण नाही.

दुसऱ्यांदा तीच चूक होता होता

ईशाने मंदारला हे सांगितलं आणि मंदार लगेच म्हणाला, ‘हे तिसरं कडवं आहे!’ त्याला दोष देत नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं, फक्त मी पन्नाशीचा असल्यामुळे तोंडातून निघालं नाही. गाणं करणाऱ्या माणसाची नजर अशीच असते, घरात कुणी रडत असेल तरी तिला आधी सूर कुठला ते दिसतं.

ईशाने कडवं लिहिलं. आठ ओळींचं, फार चांगलं. या वेळी रेकॉर्ड करण्याआधी तिने ते आईला वाचून दाखवलं, स्वयंपाकघरात. वहिनी म्हणाल्या, ‘छान आहे. पण नको.’ कारण सांगितलं नाही, ईशाने मागितलं नाही. कडवं वहीतच राहिलं. म्हणून इथेही देत नाही.

मूळ आवाज ‘गं’सकट वापरू का, हेही विचारलं. मी ते करूनही बघितलं होतं: लय ९६ वरून ९२ वर आणली तर ‘गं’ला जागा होते. इतकं सोपं होतं ते. वहिनींना हेडफोनवर ऐकवलं. पूर्ण ऐकून म्हणाल्या, ‘आता बरोबर आहे. पण घरचं बोलणं घरात राहू दे.’ शिट्टी ठेवायला मात्र त्यांची हरकत नव्हती. ‘कुकर काय, सगळ्यांकडे असतो.’

निष्पत्ती

‘सेटल’ डिसेंबरमध्ये आलं, ९२ च्या लयीत. मुखड्याच्या जागी शिट्टी आहे आणि त्यानंतर चार मात्रा रिकाम्या. ऐकणारा तिथे आपापल्या घरचं वाक्य भरतो, असं मंदार लोकांना सांगतो. तसं होत असेलही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर गाणं आधीच्यापेक्षा उणं झालं. त्या हॉलमध्ये जे घडलं ते या गाण्याने पुन्हा कधी घडलं नाही. व्हायरल वगैरे काही झालं नाही. इंदुरात आणि देवासला ओळखीच्यांत ऐकलं गेलं, पुण्यातल्या दोन कॉलेजांनी बोलावलं, प्रवासखर्च निघाला.

ईशा आता आठवड्यातले तीन दिवस घरून कंपन्यांची कामं करते, बाकी दिवस गाणं. याला सेटल म्हणायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात सध्या कुणी काढत नाही. मंदारने पुढची प्रीलिम्स दिली.

पुन्हा वेळ आली तर

परवानगी कधी मागायची, हा या प्रकरणातला खरा कळीचा मुद्दा. मला विचाराल तर फाइल कॉम्प्युटरवर घेण्याआधी. एकदा तुकडा तालात बसला की आपण त्याच्या प्रेमात पडतो, मग परवानगी मागणं हे नुसतं समजावणं होतं. ऑगस्टमधल्या त्या दुपारी फोन लावला असता तर वहिनी कदाचित हसून ‘घ्या’ म्हणाल्या असत्या, कदाचित नाही. दोन्हींत पुढचे पाच आठवडे वाचले असते. आणि ‘घ्या’ म्हणाल्या असत्या तरी तयार तुकडा त्यांना एकटीला, घरी, हेडफोनवर ऐकवायला हवा होता. कारण ज्याला हो म्हटलं ते वाक्य आणि कापून-चढवून झालेलं वाक्य, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपलाच आवाज पहिल्यांदा कार्टून होऊन भरल्या हॉलमध्ये ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

म्हणून स्टुडिओचा दुसरा नियम: गाण्यात ज्याचा आवाज आहे त्याने शेवटचा मिक्स आधी ऐकायचा, मग बाकीच्यांनी. ढोलकीवाल्याचा तो अर्ध्या पानाचा कागद आता घरच्या माणसांनाही लागतो. एका आजोबांनी परवा विचारलं, नातवाच्या गाण्यात खोकायला सही कशाला? मी म्हटलं, करा. केली त्यांनी, खाली तारीखसुद्धा घातली.

सणाला गाणं आणायची घाई आम्ही आता करत नाही. त्या तारखेपायीच चौकटीतली ओळ न वाचता खूण झाली होती.

एका गोष्टीचा निकाल मला अजून लागलेला नाही. मी वहिनींकडे गेलो ते बरोबर केलं का? काम सोपं झालं खरं. पण जी गोष्ट ईशाने आईच्या तोंडून आधी ऐकायला हवी होती ती पोह्यांच्या ताटलीसमोर मी आधी ऐकली. माझी बायको म्हणते, त्या परक्यापुढे बोलू शकल्या म्हणून मग लेकीपुढे बोलल्या. असेल. मला वाटतं मी ईशाला बरोबर न्यायला हवं होतं, रडारड झाली असती तरी.

वहिनी घरच्या ग्रुपवर आता व्हॉइस नोट पाठवत नाहीत. टाइप करतात, चष्मा लावून, एका बोटाने. ईशाने मला एकदा दाखवलं. दुपारी दोन वाजता आलेलं: ‘जेवलीस का ग’. अनुस्वार त्यांना कीबोर्डवर सापडत नाही.